इन्सुलिन सुरू केल्यावर आईचे डोळे बिघडले. मग दोष इन्सुलिनचाच ना?

प्रश्न देवगडजवळच्या एका गावातून आला आहे. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून हकीकत आधी थोडक्यात सांगतो. आईंचं वय ५८, मधुमेह बारा वर्षांचा. गोळ्या चालू होत्या, पण शेतीच्या कामात, सणावारात खंड पडायचा. यंदा पायाला जखम होऊन ती चिघळली, तेव्हा तपासलेलं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं माप, ११.२ निघालं. इन्सुलिन सुरू झालं, पथ्यही नीट पाळलं, चार महिन्यांत आकडा ७ वर आला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं आणि नेमकं तेव्हाच आईंना पुसट दिसायला लागलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्याला सूज आणि रक्ताचे ठिपके असल्याचं सांगून डोळ्यात इंजेक्शनं सुचवली. आत्याचं म्हणणं, 'इन्सुलिनने डोळे खाल्ले'. त्या धास्तीने आई संध्याकाळचा डोस टाळतात. शेजारचे अण्णा वीस वर्षं मधुमेही आहेत, हापूसच्या दिवसांत हात आखडत नाहीत, तरी चष्मा न लावता पेपर वाचतात. आणि शेवटी ३३ वर्षांच्या मुलाचा स्वतःचा प्रश्न: उद्या माझंही असंच होणार का?

सगळ्यात आधी एक सांगतो, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही. संध्याकाळचा डोस टाळू नका. साखर एकाएकी खूप खाली जात असेल, घाम सुटत असेल, हातपाय कापत असतील, तर ज्यांनी इन्सुलिन लिहून दिलं त्यांना आजच फोन करा, ते मात्रा कमी करतील. पण डोळ्यांच्या भीतीने स्वतःहून बंद करू नका. ते का, हे समजावण्यासाठी पुढचं सगळं लिहितो आहे. मी आईंचा पडदा पाहिलेला नाही, त्यामुळे त्यांच्या डोळ्याबद्दलचा निर्णय त्यांना तपासणाऱ्यांचाच. मी रत्नागिरीत पडद्याच्या विकारांचं काम करतो. अशा हकिकतीचे लोक माझ्याकडे नेहमी येतात, आणि बहुतेकांच्या घरात कोणी ना कोणी आत्यांसारखंच बोललेलं असतं. आत्यांनी पाहिलं ते खोटं नाही. आधी इन्सुलिन आलं, मग नजर बिघडली, हा क्रम खराच आहे. पण चार महिन्यांत जे दिसलं ते बारा वर्षं आत चाललेलं होतं.

डोळ्याच्या मागच्या भिंतीवर आतून लागलेला पातळ थर म्हणजे पडदा, रेटिना. शरीरातल्या सर्वांत जास्त प्राणवायू खर्च करणाऱ्या ऊतींमध्ये त्याची गणना होते, आणि अंधारात त्याची गरज आणखी वाढते. त्याच्या बाहेरच्या अर्ध्या भागाला मागच्या जाड रक्तथरातून पुरवठा होतो, आतल्या अर्ध्या भागाला मात्र केशवाहिन्यांच्या विरळ जाळ्यावर भागवावं लागतं. विरळ असण्याचं कारण साधं आहे: दाट असतं तर प्रकाशाची वाट अडली असती. म्हणजे गरज मोठी आणि पुरवठा बेताचा. मधुमेहात हात-पाय बरे असतानाही पडदा का बिघडतो, त्याचं मूळ या विषम हिशेबात आहे.

या केशवाहिनीची भिंत म्हणजे आतून एका पेशीचा थर, त्याबाहेर एक पातळ पापुद्रा, आणि त्या पापुद्र्यात बसलेल्या, बाहेरून नळीला विळखा घालणाऱ्या पेशी. या बाहेरच्या पेशींना पेरिसाइट म्हणतात. शरीरात दुसरीकडे त्या तुरळक असतात, पडद्यात मात्र आतल्या जवळजवळ प्रत्येक पेशीमागे एक अशा दाट बसलेल्या असतात. नळीला आधार देणं, रक्ताचा ओघ कमी-जास्त करणं, आतल्या पेशींना शिस्तीत ठेवणं ही त्यांची कामं. मधुमेहात सगळ्यात आधी ज्या पेशी मरतात त्यात या असतात. १९६१ साली कोगन आणि कुवाबारा या अमेरिकेतल्या संशोधकांनी मृत व्यक्तींच्या डोळ्यांतला पडदा ट्रिप्सिन या पाचक रसात विरघळवला. मऊ भाग निघून गेला, रक्तवाहिन्यांची जाळी तेवढी शाबूत राहिली, आणि ती काचपट्टीवर पसरून पाहता आली. मधुमेह असलेल्यांच्या जाळीत पेरिसाइटच्या जागी रिकामे साचे होते आणि तिथेच वाहिनीच्या भिंतीला बारीक फुगे आलेले होते. आजही बाहुली मोठी करणारे थेंब घालून भिंगातून पाहिलं की मला पहिल्यांदा दिसतात ते हेच फुगे: सुईच्या टोकाएवढे लालबुंद ठिपके. त्या वेळी त्या माणसाला चार्टवरची शेवटची ओळही वाचता येत असते.

साखर या पेशींना मारते कशी? स्नायूची पेशी साखर आत घ्यायची की नाही हे इन्सुलिनच्या हुकमावर ठरवते. केशवाहिनीच्या पेशींना ती सोय नाही. रक्तात जितकी साखर वाढेल तितकी त्यांच्या आत शिरते. आत गेलेल्या जादा साखरेचं एकच काही होत नाही. काही भाग सॉर्बिटॉल नावाच्या पदार्थात बदलतो आणि त्या खटाटोपात पेशीची गंजरोधक शक्ती खर्ची पडते. काही भाग प्रथिनांना चिकटून त्यांना ताठर करतो. भिंतीचा पापुद्रा जाड होतो तो बराचसा यामुळे. काही भाग पीकेसी या विकराला, म्हणजे पेशीतल्या एका खटक्याला, चालू करून ठेवतो आणि भिंत गळकी होते. २००१ साली मायकेल ब्राउनली यांनी या वेगवेगळ्या धाग्यांना एकत्र बांधणारी मांडणी केली. साखरेचा भार वाढला की पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांतून, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातून, घातक ऑक्सिजन-कण जास्त बाहेर पडतात आणि त्यांच्यामुळे या सगळ्या वाटा एकदम उघडतात, असं त्यांनी दाखवलं. मला स्वतःला ही मांडणी पटते, कारण एकेक वाट अडवणारी औषधं आजवर फारशी यशस्वी का झाली नाहीत ते तिच्यातून कळतं.

इथपर्यंत नुकसान पेशींचं झालं. त्याचे परिणाम पडद्यावर दोन दिसतात, आणि दोन्ही एकाच वेळी. भिंत कमकुवत झालेली वाहिनी गळते. रक्तातलं पाणी आणि चरबी पडद्यात झिरपतात. दुसरीकडे पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटून आणि भिंत जाड होऊन काही वाहिन्या बंद पडतात. पोफळीच्या बागेत शिपणं करणाऱ्याला हे सांगायला नको: पाटाची कड ढासळली की पाणी वाटेतच मुरतं आणि टोकाची झाडं सुकतात. झिरपलेलं पाणी नजरेच्या मध्यबिंदूपाशी, म्हणजे मॅक्युलापाशी साठलं की ती 'पडद्याची सूज'. पडद्याचा उभा छेद दाखवणाऱ्या ओसीटी यंत्राच्या चित्रात ती काळ्या फुग्यांसारखी दिसते. कधी फुग्यांभोवती चरबीचं पिवळं कडं धरलेलं असतं. ओळी वाकड्या दिसणं, समोरच्याचा चेहरा ओळखायला वेळ लागणं, ही त्याची लक्षणं. झिरपणं मध्यबिंदूपासून दूर असेल तर वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही. म्हणून 'आईला आधी स्वच्छ दिसत होतं' या वाक्याचा अर्थ आईंचा पडदा तेव्हा चांगला होता, असा होत नाही.

आता इन्सुलिनकडे येतो.

जिथल्या वाहिन्या बंद पडल्या तिथला पडदा प्राणवायूवाचून राहतो, पण लगेच मरत नाही. तो रासायनिक इशारे सोडतो. उपाशी पडद्यातून असा काही तरी पदार्थ सुटत असावा आणि तोच नव्या रक्तवाहिन्या वाढवत असावा, असा तर्क आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ मध्येच मांडला होता. तो पदार्थ हाती लागायला चार दशकं गेली. १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीईजीएफ हे प्रथिन वेगळं काढलं आणि १९९४ मध्ये मधुमेही रुग्णांच्या डोळ्यांतल्या द्रवात ते वाढलेलं असल्याचं सिद्ध झालं. या प्रथिनाचे दोन गुण आहेत: ते भिंती गळक्या करतं आणि नव्या वाहिन्या फुटायला लावतं. नव्या वाहिन्या म्हटल्यावर बरं वाटेल, पण त्या नाजूक, ठिसूळ असतात, पडद्यातून उठून डोळ्यातल्या जेलीवर वेलीसारख्या चढतात, फुटून डोळा रक्ताने भरतात आणि शेवटी आकसताना पडदाच ओढून सोडवतात. मधुमेहात डोळा कायमचा जातो तो मुख्यतः या वाटेने.

बारा वर्षं साखर चढी राहिलेल्या माणसाच्या पडद्यात अशी उपाशी बेटं आधीच तयार असतात. साखर जास्त असताना पडद्यातला रक्ताचा ओघ वाढलेला असतो. त्या वाढीव ओघावर ती बेटं कशीबशी तग धरतात. साखर चार महिन्यांत झपाट्याने उतरली की ओघही उतरतो, आणि काठावर असलेला भाग उघडा पडतो. शिवाय इन्सुलिन मिळायला लागल्यावर यकृतातून आयजीएफ-१ हे वाढ घडवणारं द्रव्य जास्त सुटायला लागतं आणि ते व्हीईजीएफच्या कामाला हातभार लावतं. या वाढीच्या द्रव्यांचा पडद्याशी संबंध आहे हे १९५३ पासून माहीत आहे. त्या वर्षी पॉल्सन या डॅनिश डॉक्टरांनी एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली: बाळंतपणात तिची मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी निकामी झाली आणि तिच्या पडद्यावरचा मधुमेहाचा आजार मागे हटला. लेझर येण्याआधी काही वर्षं डोळे वाचवण्यासाठी ती ग्रंथीच काढून टाकत असत, हे आज वाचून अंगावर काटा येतो.

म्हणजे आत्यांचं निरीक्षण वैद्यकशास्त्रानेही केलेलं आहे. १९९३ साली निकाल आलेल्या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या चाचणीत, डीसीसीटीमध्ये, टाइप १ मधुमेहाचे १४४१ जण होते. अर्ध्यांची साखर कडक पद्धतीने आटोक्यात ठेवली, अर्ध्यांची नेहमीच्या पद्धतीने. पहिल्या वर्षात कडक गटात सुमारे १३ टक्के लोकांचा पडदा थोडा बिघडला, तर नेहमीच्या गटात सुमारे ७.६ टक्क्यांचा. तिथेच थांबून निष्कर्ष काढला असता तर आत्या बरोबर ठरल्या असत्या. पण चाचणी सरासरी साडेसहा वर्षं चालली आणि शेवटी ज्यांचा पडदा सुरुवातीला चांगला होता त्यांच्यात आजार नव्याने होण्याचं प्रमाण कडक नियंत्रणाने ७६ टक्के घटलं. ज्यांना थोडा आजार होताच त्यांच्यात तो वाढण्याचं प्रमाण ५४ टक्के घटलं. सुरुवातीला बिघडलेले देखील पुढे एकंदरीत फायद्यातच राहिले. पहिल्या वर्षाचा तोटा घाबरवतो, पण त्यापायी पुढची वर्षं हातची घालवायची नसतात.

हे फक्त इन्सुलिनपुरतं नाही. साखर झपाट्याने उतरवणारं कुठलंही औषध असं करू शकतं. हल्ली वजन आणि साखर दोन्हीसाठी आठवड्याला घ्यायची सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं गावागावात पोचली आहेत. २०१६ च्या चाचणीत ते घेणाऱ्यांपैकी ३ टक्के लोकांत पडद्याच्या गुंतागुंती झाल्या, औषध न घेणाऱ्यांत १.८ टक्के. त्यातले बहुतेक आधीपासून पडद्याचा आजार असलेले आणि साखर वेगाने उतरलेले होते. म्हणून माझ्याकडे फिजिशियन मित्रांनी पाठवलेला माणूस ११-१२ च्या आकड्याचा असेल तर मी आधी पडदा पाहतो, आजार पुढे गेलेला असेल तर लेझर किंवा इंजेक्शन आधी किंवा सोबतच सुरू करतो, आणि मग पहिल्या वर्षात दर दोन-तीन महिन्यांनी बोलावतो. साखर किती वेगाने उतरवायची हे मात्र फिजिशियनने ठरवायचं. आईंच्या पायाची जखम चिघळलेली होती. तिथे साखर सावकाश उतरवत बसायला सवड नव्हती. त्यांच्या डॉक्टरांनी इन्सुलिन दिलं ते योग्यच केलं.

अजून एक बारीक गोष्ट. साखर वेगाने बदलली की डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगात पाणी शिरतं किंवा निघतं आणि चष्म्याचा नंबर तात्पुरता सरकतो. आईंच्या पुसटपणात काही वाटा त्याचाही असेल. तो काही आठवड्यांत आपोआप जातो, म्हणून साखर स्थिर होईपर्यंत नवा चष्मा करू नका, पैसे वाया जातील.

इथवरचं दोन वाक्यांत: नुकसान बारा वर्षांच्या चढ्या साखरेने केलं, इन्सुलिनने साखर वेगाने उतरल्यावर ते उघड्यावर आलं. इन्सुलिन बंद केलंत तर मूळ कारण परत येईल आणि पडदा सुधारणार नाही.

'आता तर साखर सातवर आहे, मग आजार थांबायला हवा ना?' असा पुढचा प्रश्न तुमच्या मनात असेलच. इथे पडद्याची एक खोड समजून घ्यावी लागते. १९८७ मध्ये एंगरमन आणि केर्न यांनी मधुमेही कुत्र्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. अडीच वर्षं साखर चढी ठेवली, तेव्हा पडद्यावर फारसं काही नव्हतं. मग पुढची अडीच वर्षं साखर उत्तम राखली, तरीही आजार उमटलाच. माणसांतही तेच दिसलं. डीसीसीटी संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळजवळ सारखी झाली, पण पूर्वी ज्यांची चढी होती त्यांचे पडदे पुढे वर्षानुवर्षं जास्त बिघडत राहिले. ताठर झालेली प्रथिनं लवकर बदलत नाहीत, आणि पेशींच्या जनुकांवर बसलेल्या रासायनिक खुणाही सहज पुसल्या जात नाहीत. चांगल्या नियंत्रणाचं फळ दोन-तीन वर्षांनी दिसायला लागतं. त्यामुळे तपासणीच्या आदल्या दोन दिवसांत भात बंद करून उपाशीपोटीची साखर ११० आणणारे लोक मला दरवर्षी भेटतात तेव्हा वाईट वाटतं. कागदावरचा आकडा पाहून घरचे खूश होतात, पडद्याने मात्र मागच्या सगळ्या महिन्यांची साखर सोसलेली असते.

आता अण्णा. त्यांचा पडदा थेंब घालून कधी तपासला आहे का, हे आधी विचारा. पेपर वाचता येणं हा पुरावा नाही, ते वर आलंच आहे. पण समजा तपासून खरंच स्वच्छ निघाला, तर नवल नाही. बॉस्टनच्या जोस्लिन केंद्रात टाइप १ मधुमेहाची ५० वर्षं काढलेल्यांचा अभ्यास चालतो; त्यातल्या बऱ्याच जणांच्या पडद्यावर त्या घातक नव्या वाहिन्या वाढलेल्याच नाहीत. काहींच्या पेशींत साखरेचा भार निस्तरण्याची ताकदच जास्त असते. एखादं जनुक दाखवून 'हे असलं की डोळे वाचतात' असं सांगता येत नाही. लहान लहान अनेक जनुकांचा हातभार असतो. जाड मायनस नंबरच्या लांबट डोळ्यांत हा आजार कमी दिसतो, हेही खरं आहे.

आणि साखरेइतकंच ज्याच्याकडे मी पाहतो ते बीपी. साखरेने आधीच अशक्त झालेल्या भिंतीवर आतून दाब वाढला तर ती आणखी गळणार. ब्रिटनच्या यूकेपीडीएस चाचणीत टाइप २ मधुमेह आणि उच्च रक्तदाब दोन्ही असलेल्यांचं बीपी एका गटात सरासरी १४४/८२ पर्यंत आणलं, दुसऱ्या गटात ते १५४/८७ राहिलं. वरच्या आकड्यात फरक दहाचा, पण १९९८ साली निकाल आला तेव्हा पडद्याचा आजार बळावण्याचं प्रमाण पहिल्या गटात ३४ टक्के कमी होतं. अण्णांचं बीपी चांगलं असेल, आईंचं नसेल, तर निम्मं कोडं तिथेच सुटतं.

आपल्याकडे या बीपीचं एक कारण थेट स्वयंपाकघरात आहे. आगोटीची बेगमी भरली की पावसाळाभर खारा बांगडा, सुकट, सोडे, वर आंब्याचं लोणचं, पोह्याचे नि फणसाचे पापड. मासळी बंद, बाजार लांब, बाहेर पाऊस कोसळतोय. जेवणाला चव तिथूनच येते. मी कोणाला सुकी मासळी सोडा म्हणत नाही, कोकणी माणसाला ते पटायचंही नाही. पण खारा बांगडा रात्रभर पाण्यात घालून, दोनदा पाणी बदलून, मग कालवणात मीठ न घालता केला तर पोटात जाणारं मीठ बरंच कमी होतं. श्रावण-भाद्रपदात तपासणीला येणाऱ्यांचं बीपी चढलेलं दिसलं की मी आधी ताटात काय असतं ते विचारतो, मग गोळी वाढवण्याची गोष्ट काढतो. मधुमेहाच्या आहाराची चर्चा आपण हापूस आणि भाताभोवती फिरवतो आणि मिठाला विसरतो, याची मला खंत वाटते.

बीपीच्या पाठोपाठ मूत्रपिंड. तिथल्या वाहिन्याही अशाच बारीक, आणि आजार बहुधा जोडीने चालतो. लघवीतून प्रथिन जात असेल तर अंगात पाणी साठतं आणि पडद्याची सूज हटायला वेळ लागतो. कधी कधी मूत्रपिंडाचे उपचार सुरू झाल्यावरच डोळ्यातली इंजेक्शनं लागू पडतात. तसंच हिमोग्लोबिन. रक्त कमी म्हणजे प्राणवायू कमी, आणि उपाशी पडद्यावर आणखी ताण. आपल्या भागातल्या पन्नाशी-साठीच्या बायकांत ९-१० हिमोग्लोबिन मला इतकं नेहमीचं दिसतं की ते तपासल्याशिवाय मी पुढे जात नाही. लोह कमी असेल तर एचबीएवनसीचा आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्तही दाखवतो, तर काही रक्तविकारांत उलट कमी दाखवतो; म्हणून तो आकडा रक्ताच्या बाकी तपासणीसोबत वाचावा. पायोग्लिटाझोन नावाची मधुमेहाची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. ती अंगात पाणी धरून ठेवते आणि काहींत पडद्याची सूज वाढवते. सप्तरंगी या औषधी वनस्पतीचा काढा घेत असतील तर तोही लपवू नका. त्याने साखर थोडी उतरते, आणि वर इन्सुलिन असेल तर ती नको तितकी खाली जाऊ शकते.

डोळ्यातल्या इंजेक्शनांची आईंना भीती वाटणं स्वाभाविक आहे. बधिर करणारे थेंब घातल्यावर सुई बुबुळाच्या बाजूने पांढऱ्या भागातून जाते आणि काही सेकंदांत काम होतं. आत जातं ते व्हीईजीएफला पकडून ठेवणारं औषध. गळती कमी होते, सूज उतरते. पण त्याचा असर काही आठवडेच टिकतो, म्हणून सुरुवातीला दर महिन्याला द्यावं लागतं. एका इंजेक्शनाने फरक पडला नाही म्हणून सोडून देणारे आणि एका इंजेक्शनाने बरं वाटलं म्हणून सोडून देणारे, दोघांचंही नुकसान सारखंच होतं. अशी अनेक औषधं प्रचलित आहेत, किमतीत मोठा फरक आहे. त्यातल्या तीन औषधांच्या २०१५ च्या एका मोठ्या तुलनेत नजर फार कमी झाली नसेल तर तिन्हींचा गुण सारखाच निघाला. नजर जास्त गेली असेल तर पहिल्या वर्षात त्या तिघांतलं अफ्लिबर्सेप्ट उजवं ठरलं. म्हणजे आईंची नजर बेताची कमी असेल तर स्वस्त औषधाने सुरुवात करण्यात काही गैर नाही, आणि वाचलेले पैसे पुढच्या महिन्यांच्या इंजेक्शनांसाठी उपयोगी पडतील.

नव्या वाहिन्या फुटल्या असतील तर लेझरही आहे. कडेचा, कमी महत्त्वाचा पडदा ठिपक्याठिपक्यांनी भाजला की त्याची प्राणवायूची मागणी संपते आणि व्हीईजीएफ सुटणंच कमी होतं. त्या बदल्यात कडेची नजर आणि अंधारात दिसणं थोडं घटतं. शहरात अनेक जण आता इंजेक्शनांवरच भागवतात. पण ज्यांच्या गावची एसटी पावसात बंद पडते, ज्यांना आणणारा मुलगा मुंबईहून गणपती-शिमग्यालाच येतो, त्यांच्या बाबतीत मी लेझरला झुकतं माप देतो. नव्या वाहिन्यांवर फक्त इंजेक्शनं चालू असताना मध्येच सहा महिने माणूस आलाच नाही, तर त्या दुप्पट जोमाने परततात. लेझरचा परिणाम टिकाऊ असतो. दर महिन्याला आईंना कोण आणणार, हे तुमच्या डॉक्टरांना खरं खरं सांगा. उपचार त्यावर बदलतो.

राहता राहिलात तुम्ही. आईंकडून तुम्हाला मधुमेहाची ओढ मिळाली आहे, हे मान्य करून चाला. ज्या कुटुंबात एका मधुमेह्याचा पडदा वाईट बिघडला त्या कुटुंबातल्या दुसऱ्या मधुमेह्यालाही तो धोका सरासरीपेक्षा जास्त असतो. पण मुळात साखर चढलीच नाही किंवा चढल्याबरोबर पकडली, तर ही साखळी सुरूच होत नाही. टाइप २ मधुमेह कळण्याआधी काही वर्षं गुपचूप चालू असतो. यूकेपीडीएसमध्ये निदानाच्या दिवशीच एक तृतीयांशाहून अधिक लोकांच्या पडद्यावर खुणा होत्या. म्हणून तुम्ही दरवर्षी साखर, एचबीएवनसी आणि बीपी बघा, आणि मधुमेह निघालाच तर चष्म्याचा नंबर काढून थांबू नका. त्याच आठवड्यात थेंब घालून पडदा दाखवा आणि पुढे दरवर्षी दाखवत राहा. घरात बहीण असेल आणि तिला मधुमेह असेल, तर गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तिचा पडदा बघायलाच हवा, कारण त्या काळात हा आजार वेगाने पुढे जातो.

पुढच्या खेपेला आईंसोबत जाताना इन्सुलिनची वही, घरी मोजलेलं बीपी, हिमोग्लोबिनचा आणि लघवीतल्या अल्ब्युमिनचा रिपोर्ट, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: सूज मध्यबिंदूत आहे की बाजूला, नव्या वाहिन्या फुटल्या आहेत का, आणि दुसऱ्या डोळ्याची अवस्था काय आहे. त्यांची उत्तरं आणि ओसीटीचं चित्र कळवलंत तर इंजेक्शनं किती लागतील, लेझर लागेल का, याबद्दल मला यापेक्षा नेमकं सांगता येईल. आत्यांना हे सगळं वाचून दाखवा आणि पुढच्या वेळी त्यांनाही सोबत घेऊन जा. आई त्यांचं ऐकतात, मग संध्याकाळचा डोस वेळेवर देण्याचं काम त्यांच्याकडेच सोपवता येईल.